महासाथीच्या काळातील शस्त्रक्रियेविषयी स्त्रियांना वाटणारी भीती आणि चिंता

महासाथीच्या काळातील शस्त्रक्रियेविषयीची भीती आणि चिंता ही एखाद्या साथरोगाचा प्रादुर्भाव चालू असताना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागणाऱ्या रुग्णांमध्ये आढळणारी मानसिक अवस्था होय. शस्त्रक्रियेपूर्वी एरवीही वाटणारी काळजी आणि साथीमुळे निर्माण झालेली काळजी या दोन्हींचे मिश्रण तिच्यात असते. कोव्हिड-१९ च्या महासाथीत (२०२०–२०२३) ही अवस्था जगभर ठळकपणे दिसून आली. शस्त्रक्रियापूर्व चिंतेचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळते. त्यातच प्रसूती, गर्भपात, नसबंदी, गर्भाशय व स्तन यांच्या शस्त्रक्रिया स्त्रियांच्याच वाट्याला येत असल्यामुळे महासाथीचा हा पैलू स्त्री-आरोग्याचा स्वतंत्र विषय मानला जातो.

ही भीती दुहेरी असते. रुग्णालयात गेल्यास संसर्ग होईल ही तिची एक बाजू, तर न गेल्यास मूळ आजार बळावेल ही दुसरी. केवळ अज्ञानातून किंवा अफवांमधून ती उद्भवते असे म्हणता येत नाही. महासाथीच्या पहिल्या काही महिन्यांत तिला वस्तुस्थितीचा आधार होता. पुढे धोका कमी झाल्याचे पुरावे मिळाले. परंतु ते रुग्णापर्यंत पोहोचले की नाही, आणि रुग्णालयात तिच्यासोबत कोणी होते की नाही, यांवर भीती ओसरणे बरेचसे अवलंबून राहिले.

संकल्पना

मानसशास्त्रात भीती आणि चिंता यांत भेद केला जातो. भीती एखाद्या निश्चित व समोर असलेल्या धोक्याची असते, उदाहरणार्थ सुईची, भुलेची किंवा रक्ताची. चिंता ही पुढे घडू शकणाऱ्या, परंतु अनिश्चित असलेल्या गोष्टींविषयीची अस्वस्थता असते. शस्त्रक्रियेपूर्वी या दोन्ही भावना एकत्र आढळतात. भुलेतून जाग न येणे, शस्त्रक्रियेदरम्यान मध्येच जाग येणे, वेदना, शरीरातील अवयव गमावणे, परावलंबी होणे आणि मृत्यू ही तिची नेहमीची कारणे आहेत.

चिंतेमुळे अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते आणि ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल या संप्रेरकांचे प्रमाण वाढते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, तोंडाला कोरड पडते आणि झोप उडते. तीव्र चिंता असलेल्या रुग्णाला भूल देण्यासाठी अधिक औषध लागू शकते, तसेच शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाही अधिक जाणवू शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियापूर्व चिंता हा भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने वैद्यकीय विषय ठरतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वीची थोडी काळजी उपयुक्त असल्याचे मत मांडले. येणाऱ्या प्रसंगाचा आधी विचार केलेला रुग्ण मनाची तयारी करतो. अजिबात न घाबरलेला आणि अतिशय घाबरलेला असे दोघेही नंतर अधिक त्रासतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नंतरच्या संशोधनात हा संबंध जसाच्या तसा सिद्ध झाला नाही. मात्र रुग्णाला आगाऊ आणि खरी माहिती दिली पाहिजे, हा विचार या अभ्यासापासून पुढे आला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

साथीच्या काळात रुग्णालयाचीच भीती वाटणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेले जाऊ लागल्यावर लोकांमध्ये प्रक्षोभ उसळला आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ मध्ये साथरोग अधिनियम लागू झाला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग समितीच्या कारवाईत सैनिकांनी घरोघरी शिरून झडत्या घेतल्या. परक्या पुरुषांकडून होणारी स्त्रियांची तपासणी आणि त्यांना घरातून हलवले जाणे हे लोकांच्या संतापाचे मोठे कारण होते. याच साथीत रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

प्लेगच्या काळात मुंबईत वेगवेगळ्या समाजांनी स्वतःची रुग्णालये उभारली. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय सुरू झाले. आपली माणसे जवळ असलेल्या अशा रुग्णालयांत जाण्यास लोक तुलनेने अधिक राजी होत. रुग्णालयाच्या भीतीमागे रोगाइतकाच एकटे पडण्याचा धसका असतो, हे त्यातून दिसून आले. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी कोव्हिड-१९ च्या नियंत्रणासाठी १८९७ चा हाच अधिनियम पुन्हा लागू केला.

कोव्हिड-१९ काळातील शस्त्रक्रियांची स्थिती

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोव्हिड-१९ ही महासाथ असल्याचे म्हटले. भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. खाटा, प्राणवायू, कृत्रिम श्वसनयंत्रे व मनुष्यबळ राखून ठेवण्यासाठी जगातील बहुतेक देशांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘कोव्हिडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २०२० मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार सेवा सर्वाधिक विस्कळीत असलेल्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबणीवर पडतील, असे दिसत होते. कर्करोगेतर आजारांच्या ८१.७ टक्के, कर्करोगाच्या ३७.७ टक्के, तर नियोजित सिझेरियनच्या २५.४ टक्के शस्त्रक्रियांवर परिणाम होईल, असा हा अंदाज होता.

याच गटाचा दुसरा अभ्यास मे २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोव्हिड-१९ चा संसर्ग झालेल्या २४ देशांतील १,१२८ रुग्णांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २८.४ टक्के, तर स्त्रियांमध्ये १८.२ टक्के होते. निम्म्याहून अधिक रुग्णांना फुप्फुसांशी संबंधित गुंतागुंत झाली. हे आकडे केवळ संसर्ग झालेल्या रुग्णांचे होते आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या. त्यामुळे ‘महासाथीत शस्त्रक्रिया केलेल्या चारांपैकी एक रुग्ण दगावतो’ असा त्यांचा अर्थ लावणे चुकीचे ठरते. तथापि, शस्त्रक्रिया पुढे ढकलावी असे रुग्णांना वाटण्यामागे केवळ कल्पना नव्हती, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

भीतीची कारणे

संसर्ग

रुग्णालय हे संसर्गाचे केंद्र आहे, ही धारणा पहिल्या लाटेत सर्वत्र होती. अनेक रुग्णालयांचे रूपांतर कोव्हिड रुग्णालयांत झाले, काही ठिकाणी डॉक्टर व परिचारिकांनाच लागण झाल्याने विभाग बंद करावे लागले. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्याच्या प्रक्रियेतून विषाणू हवेत पसरू शकतो, म्हणून शस्त्रक्रियागृहातील सर्वजण संपूर्ण शरीर झाकणारे पीपीई किट घालत असत. मास्क, चष्मा आणि मुखकवच यांमागे डॉक्टरचा चेहरा दिसत नसे आणि आवाज अस्पष्ट येत असे. एरवी चेहऱ्याकडे पाहून, खांद्यावर हात ठेवून मिळणारा दिलासा त्यामुळे नाहीसा झाला. अनेक रुग्णालयांनी नेहमीच्या संमतीपत्राला कोव्हिडविषयक वेगळे संमतीपत्र जोडले. रुग्णालयात संसर्ग होऊ शकतो असे लिहिलेल्या कागदावर सही करणे हाही चिंता वाढवणारा अनुभव होता.

एकटेपणा

भारतीय रुग्णालयांत रुग्णासोबत नातेवाइकाने थांबणे हा उपचारव्यवस्थेचा अलिखित भाग आहे. औषधे आणणे, डबा पोहोचवणे, कूस बदलण्यास मदत करणे, डॉक्टरांचे म्हणणे समजून घेणे ही कामे सोबतची व्यक्तीच करते. महासाथीत भेटीगाठींवर बंदी आली आणि सोबतच्या माणसांची संख्या मर्यादित झाली. संसर्ग आढळल्यास रुग्णाला विलगीकरण कक्षात एकटेच राहावे लागे. मृत्यू झाल्यास अंत्यसंस्कार मोजक्या लोकांच्या उपस्थितीत, काही वेळा कुटुंबीयांविना होत असल्याच्या बातम्या येत होत्या. त्यामुळे मरणाच्या भीतीला, शेवटच्या क्षणी आपले कोणी जवळ नसेल, ही भीती जोडली गेली.

चाचणी आणि सामाजिक कलंक

शस्त्रक्रियेपूर्वी आरटी-पीसीआर चाचणी करून घेणे हा प्रघात झाला. चाचणी होकारात्मक आली तर शस्त्रक्रिया लांबणार, रुग्णालय बदलावे लागणार आणि घरच्यांचे विलगीकरण होणार, अशी परिस्थिती होती. महाराष्ट्रात मार्च २०२० पासून गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शिक्के मारले जात होते, तर रुग्ण आढळलेल्या इमारती व वस्त्या प्रतिबंधित क्षेत्रे म्हणून बंद केल्या जात होत्या. आपल्यामुळे संपूर्ण इमारत किंवा वाडी बंद होईल, शेजारी बोट दाखवतील, या धास्तीने लक्षणे लपवणे किंवा चाचणीच टाळणे असे प्रकार घडले.

घर आणि जबाबदाऱ्या

स्वयंपाक, लहान मुले, वृद्ध सासू-सासरे आणि आजारी माणसे यांची देखभाल बहुतेक घरांत स्त्रियांकडे असते. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, घरकामाची मदत थांबली आणि सर्वजण घरातच असल्याने हे काम वाढले. रुग्णालयातून आपण घरी संसर्ग घेऊन येऊ, ही काळजी स्वतःला संसर्ग होण्याच्या काळजीइतकीच तीव्र असू शकते. शस्त्रक्रियेनंतर सक्तीची विश्रांती घ्यावी लागते. त्या दिवसांत घर कोण सांभाळणार हा प्रश्न एरवी माहेरची माणसे किंवा बहीण-जाऊ यांच्या मदतीने सुटतो. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास आवश्यक झाल्यावर ही मदतही दुरावली. रोजगार गेलेल्या कुटुंबांत, जिवावर न बेतलेला स्त्रीचा आजार खर्चाच्या यादीत शेवटी ढकलला जाणे स्वाभाविकच होते.

लांबणीवर पडण्याची भीती

शस्त्रक्रिया रद्द होणे हे अनेकींच्या दृष्टीने सुटका नसून नवे संकट होते. विशेषतः कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाला ‘थांबा’ असे सांगितले जाते, तेव्हा प्रत्येक आठवडा गाठ वाढत असल्याच्या जाणिवेने जातो. नवी तारीख न देता केलेली रद्दबातल विशेष त्रासदायक ठरते, कारण तिच्यात चिंतेला कुठेही शेवट नसतो.

शस्त्रक्रियेच्या प्रकारांनुसार स्वरूप

प्रसूती आणि सिझेरियन

प्रसूती पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे महासाथीत रुग्णालयात जाणे अटळ असलेल्या निरोगी व्यक्तींचा सर्वांत मोठा गट गर्भवती स्त्रियांचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार भारतातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने होतात. बाळाला संसर्ग होईल का, जन्मल्यावर बाळाला आपल्यापासून दूर ठेवतील का, अंगावरचे दूध पाजता येईल का, हे या स्त्रियांचे मुख्य प्रश्न होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा प्रवासबंदीमुळे अनेकींना पाळता आली नाही. नाव नोंदवलेले रुग्णालय ऐनवेळी कोव्हिड रुग्णालय झाल्याने काहींना कळा सुरू झाल्यावर दुसरीकडे धाव घ्यावी लागली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये बाधित क्षेत्रांतील गर्भवतींची प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी पाच दिवसांच्या आत चाचणी करण्याची सूचना दिली. मे २०२० मधील चाचणी धोरणात, चाचणी झाली नाही म्हणून प्रसूतीसह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये, असे स्पष्ट करण्यात आले. मुंबईतील बा. य. ल. नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोव्हिडसाठी राखीव करण्यात आले आणि तेथे पुढील वर्षभरात कोव्हिडबाधित मातांच्या एक हजाराहून अधिक प्रसूती झाल्या. मुंबईतीलच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने ‘प्रेगकोविड’ या नावाने बाधित गर्भवतींची नोंदवही सुरू केली. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतून तिच्यात माहिती जमा होत असे.

कोव्हिडबाधित मातेनेही मास्क व हातांची स्वच्छता पाळून बाळाला स्तनपान द्यावे आणि बाळाला जवळ घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस होती. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची एक व्यक्ती सोबत असू द्यावी, हे धोरणही संघटनेने महासाथीत कायम ठेवले. प्रत्यक्षात अनेक देशांतील रुग्णालयांनी ते पाळले नाही. न्यूयॉर्कमधील काही रुग्णालयांनी मार्च २०२० मध्ये प्रसूतिगृहात पतीलाही प्रवेश नाकारला. लोकांनी तीव्र विरोध केल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यपालांच्या आदेशाने एका सोबत्याला परवानगी देण्यात आली.

कर्करोग

स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. या रुग्णांच्या मनात शस्त्रक्रियेची भीती आणि विलंबाची भीती यांचा झगडा सर्वांत तीव्र असतो. विलंबाची भीती निराधार नसते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ३४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला प्रत्येक चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो.

भारतातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात आदल्या वर्षीच्या तुलनेत नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी, तर मोठ्या शस्त्रक्रियांची संख्या ४९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. याच काळात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रिया चालू ठेवल्या. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या दिवसांत तेथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही आणि संसर्ग आढळलेले सहा रुग्ण बरे झाले. यांतील बहुसंख्य रुग्ण तुलनेने तरुण व इतर मोठे आजार नसलेले होते. योग्य निवड आणि काळजी घेतल्यास महासाथीतही कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ शकते, हे या अनुभवाने दाखवले.

काही रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रिया लांबवणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हते. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात आधी संप्रेरकरोधक गोळ्या सुरू करून शस्त्रक्रिया नंतर करता येते. मात्र हे कारण समजावून न सांगितल्यास, आपल्याला वाऱ्यावर सोडले, अशी रुग्णाची भावना होते.

गर्भपात आणि नसबंदी

गर्भपात ही वेळेशी बांधलेली सेवा आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी होऊ शकणारा गर्भपात उशीर झाल्यास शस्त्रक्रियेने करावा लागतो आणि कायद्याची मुदत उलटल्यास तोही करता येत नाही. २०२० मध्ये भारतात ही मुदत २० आठवडे होती. २०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी ती २४ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली. आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेच्या अंदाजानुसार टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत भारतात सुमारे १८.५ लाख स्त्रियांना गर्भपाताची सेवा मिळण्यात अडथळा आला. घरातील सर्वजण घरीच असताना कोणाला न सांगता बाहेर पडणे अशक्य झाल्यामुळे अविवाहित तरुणी आणि छळ सोसणाऱ्या विवाहितांच्या चिंतेत गोपनीयतेचा प्रश्न अग्रस्थानी होता.

टाळेबंदीच्या सुरुवातीच्या काळात स्त्री नसबंदीची शिबिरे थांबवण्यात आली आणि तांबी बसवण्याच्या सेवेतही खंड पडला. भारतात कुटुंबनियोजनाचे सर्वाधिक वापरले जाणारे साधन स्त्री नसबंदी हेच आहे. त्यामुळे ही शस्त्रक्रिया लांबलेल्या स्त्रियांसमोर नको असलेल्या गर्भधारणेची काळजी उभी राहिली.

इतर स्त्रीरोग

गर्भाशयातील गाठी, अंग बाहेर येणे, अंडाशयातील गळू, एंडोमेट्रिओसिस यांच्या शस्त्रक्रिया ‘तातडीच्या नसलेल्या’ गटात मोडतात. परंतु तातडीचे नसणे म्हणजे त्रास नसणे नव्हे. दरमहा होणाऱ्या अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय वाढतो आणि सततच्या वेदनेने कामावर जाणे अवघड होते. हे आजार जिवावर बेतत नाहीत म्हणून, आणि त्यांविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही म्हणूनही, प्रतीक्षायादीत मागे राहतात. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार इंग्लंडमधील स्त्रीरोगविषयक प्रतीक्षायाद्या महासाथीच्या काळात ६० टक्क्यांहून अधिक वाढल्या होत्या.

महासाथीच्या सुरुवातीला दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूतून विषाणू पसरू शकेल, अशी शंका व्यक्त केली गेली होती. त्यामुळे काही ठिकाणी अशा शस्त्रक्रिया काही काळ टाळण्यात आल्या. पुढे आवश्यक खबरदारी घेऊन त्या पुन्हा सुरू झाल्या.

मापन

चिंतेचे मापन करण्यासाठी प्रश्नावल्यांचा वापर केला जातो. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी विकसित केलेल्या स्टेट-ट्रेट ॲन्झायटी इन्व्हेंटरीत प्रत्येकी २० विधानांचे दोन भाग असतात. एक भाग तात्कालिक चिंता मोजतो, तर दुसरा स्वभावगत चिंता. १९८३ मध्ये तयार झालेली हॉस्पिटल ॲन्झायटी अँड डिप्रेशन स्केल ही १४ प्रश्नांची मापनश्रेणीही प्रचलित आहे. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या भीतीचे मापन करण्यासाठी सात विधानांची स्वतंत्र श्रेणी तयार करण्यात आली.

केवळ शस्त्रक्रियापूर्व चिंतेसाठी १९९६ मध्ये तयार झालेली ॲम्स्टरडॅम मापनश्रेणी सहा विधानांची आहे. त्यांपैकी चार विधाने भूल व शस्त्रक्रिया यांविषयीची चिंता मोजतात आणि उरलेली दोन माहितीची गरज मोजतात. चिंतेच्या भागात २० पैकी ११ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास रुग्ण चिंताग्रस्त असल्याचे सामान्यतः धरले जाते. माहितीची गरज हा चिंतेच्या मापनाचाच एक भाग मानणे हे या श्रेणीचे वैशिष्ट्य आहे. अधिक चिंता असलेले रुग्ण बहुधा अधिक माहितीही मागतात.

परिणाम

भीतीचा पहिला परिणाम म्हणजे उपचार टाळणे. लक्षणे असूनही तपासणीस न जाणे, मिळालेली तारीख सोडणे, रुग्णालयाऐवजी घरीच प्रसूती करणे, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढणे असे प्रकार त्यातून घडले. त्यामुळे आजार पुढच्या टप्प्यावर गेल्यानंतर, अधिक मोठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ काहींवर आली. दुसरा परिणाम मानसिक असतो. निद्रानाश, चिडचिड, नैराश्य आणि प्रसूतीनंतरचे औदासीन्य यांची शक्यता वाढते. शस्त्रक्रिया पार पडल्यानंतरही प्रत्येक खोकला किंवा तापाची कणकण संसर्गाची खूण वाटत राहते.

सर्व परिणाम मात्र प्रतिकूल नव्हते. भेटीगाठी कमी झाल्याने बाळंतिणींना अधिक विश्रांती मिळाल्याचे आणि मास्क व हात धुण्याच्या सवयीचा लाभ झाल्याचेही काही ठिकाणी दिसून आले.

भीती कमी करण्याचे उपाय

माहिती: शस्त्रक्रिया का आवश्यक आहे, थांबल्यास काय होईल, रुग्णालयात कोणती खबरदारी घेतली जाते आणि सोबत कोण थांबू शकेल, हे रुग्णाच्या भाषेत आगाऊ सांगणे हा सर्वांत सोपा व प्रभावी उपाय मानला जातो. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यामुळे दूरध्वनी व व्हिडिओ कॉलवरून सल्ला देणे सुकर झाले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता अशा ग्रामीण स्त्रियांसाठी आशा स्वयंसेविका आणि परिचारिका याच माहितीचा मुख्य स्रोत राहिल्या.

स्वतंत्र व्यवस्था: कोव्हिड रुग्णांपासून पूर्णतः वेगळे कक्ष, शस्त्रक्रियागृह व मार्ग ठेवल्यास धोका प्रत्यक्षातही घटतो. ५५ देशांतील ९,१७१ कर्करोग रुग्णांच्या अभ्यासात, अशी व्यवस्था असलेल्या ठिकाणी फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्के, तर नसलेल्या ठिकाणी ४.९ टक्के रुग्णांमध्ये आढळली.

योग्य वेळ: मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासानुसार कोव्हिड-१९ झाल्यानंतर शक्य असल्यास किमान सात आठवडे थांबून शस्त्रक्रिया करणे सुरक्षित ठरते. तातडीच्या शस्त्रक्रियेत अर्थातच असे थांबता येत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलताना कारण, नवी तारीख आणि त्रास वाढल्यास संपर्क साधण्याची सोय या तीन गोष्टी सांगितल्या, तर प्रतीक्षा सुसह्य होते.

सोबत: चाचणी केलेल्या एका व्यक्तीला सोबत थांबू देणे, ते शक्य नसल्यास दिवसातून ठरावीक वेळी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे करून देणे, पीपीई किटवर कर्मचाऱ्याचे नाव व छायाचित्र लावणे असे साधे उपाय अनेक ठिकाणी करण्यात आले.

लसीकरण: लस उपलब्ध झाल्यावर शस्त्रक्रियेतील धोका आणि भीती या दोन्हींत घट झाली. भारतात २ जुलै २०२१ रोजी गर्भवतींच्या लसीकरणाला मान्यता मिळाली. मासिक पाळी व प्रजननक्षमता यांविषयीच्या अफवांमुळे काही स्त्रियांनी सुरुवातीला लस घेण्याचे टाळले.

आर्थिक संरक्षण: महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ राज्यातील सर्व नागरिकांना तात्पुरता खुला केला आणि खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातल्या. खर्चाची काळजी कमी करणे हाही चिंता कमी करण्याचाच मार्ग आहे.

संशोधनाच्या मर्यादा

महासाथीत झालेले बरेच अभ्यास एखाद्याच रुग्णालयापुरते, लहान नमुन्याचे किंवा ऑनलाइन प्रश्नावलीवर आधारित होते. रुग्णालयात न आलेल्या स्त्रियांची, म्हणजे कदाचित सर्वाधिक घाबरलेल्यांची, नोंद अशा अभ्यासांत होत नाही. इंटरनेट नसलेल्या, निरक्षर आणि स्थलांतरित स्त्रियाही त्यांतून वगळल्या जातात. स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा अधिक येण्यामागे प्रत्यक्ष चिंता किती आणि ती मोकळेपणाने कबूल करण्याची तयारी किती, हे केवळ प्रश्नावलीवरून वेगळे करता येत नाही. त्यामुळे ‘स्त्रिया स्वभावतः भित्र्या असतात’ असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढता येत नाही. स्त्रियांना कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया, त्यांच्यावरील घरकामाचा भार आणि निर्णयस्वातंत्र्याची मर्यादा यांचाही विचार करावा लागतो.

महासाथीनंतर

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोव्हिड-१९ ही आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी राहिली नसल्याचे जाहीर केले. लांबलेल्या शस्त्रक्रियांचा अनुशेष मात्र अनेक देशांत त्यानंतरही टिकून राहिला. पुढील साथीच्या तयारीत प्रसूती, गर्भपात आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया अत्यावश्यक सेवा म्हणून चालू ठेवणे, त्यांच्यासाठी वेगळी जागा राखणे आणि रुग्णासोबत एका व्यक्तीला राहू देणे या बाबींचा समावेश करावा, असे कोव्हिड-१९ च्या अनुभवावरून सुचवले जाते. प्लेगच्या काळात रुग्णालयांचे दरवाजे नातेवाइकांसाठी उघडल्यावर लोकांचा विरोध मावळू लागला होता. सव्वाशे वर्षांनंतर आलेला अनुभवही त्याला पुष्टी देणारा आहे.

हे सुद्धा पहा

कोव्हिड-१९ ची महासाथ
सिझेरियन शस्त्रक्रिया
स्तनाचा कर्करोग
साथरोग अधिनियम, १८९७
वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१
आशा स्वयंसेविका